फाडलेलं तिकीट

अण्णांनी लेकीची, ताईची, स्तुती सुरू केली, तेव्हाच तिला कळायला हवं होतं. अण्णा कुणाचं हात न राखता कौतुक करायला लागले की समजावं, त्या माणसाचं सामान बांधून दारात ठेवलंय. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या वेळी तसं होणार नाही, एवढंच प्रत्येकाला वाटायचं.

रविवार, दुपारचा दीड. नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावरची तालमीची खोली. चार वाजता खाली ताईने बसवलेल्या नाटकाचा प्रयोग होता, आणि फरशीवर त्याच नाटकाच्या नेपथ्याची आखणी करणाऱ्या पांढऱ्या चिकटपट्ट्या अजून होत्या. ही भिंत, हा जिना, हे दार. विश्वस्त खुर्च्यांपर्यंत आले ते सरळ भिंतींतून. वकीलसाहेब तर स्वयंपाकघराच्या आरपार गेले. एकटी आत्या, अण्णांची धाकटी बहीण, वळसा घालून दाराच्या पट्टीपाशी आली आणि नसलेलं दार हाताने लोटून आत शिरली.

"भिंतीतून यायला मी काय भूत आहे?" ती म्हणाली.

"भुतं आधीच येऊन बसलीत," लाइटवाले काका वकिलांकडे न बघता म्हणाले. काका चाळीस वर्षं इथले दिवे सांभाळत होते आणि माणसांना उजेडातच ओळखायचं, असं त्यांचं मत होतं.

अण्णा उभे राहिले. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. समोर सातच खुर्च्या असल्या तरी.

"वीस वर्षं," ते म्हणाले, "या पोरीने ही इमारत पाठीवर वाहिली. छप्पर गळलं तेव्हा बादल्या हिने लावल्या. नट आजारी पडला तेव्हा त्याचे शब्द पाठ करून ही उभी राहिली. मी काय केलं? मी म्हातारा झालो."

दातांच्या डॉक्टरीणबाई हसल्या. विश्वस्त मंडळात त्या दोन वर्षांपूर्वीच आल्या होत्या, आणि अण्णांच्या प्रत्येक वाक्यावर हसणं किंवा हळहळणं हा नियम आहे असं त्या धरून चालत.

"आणि छोटू," अण्णा म्हणाले. जरा थांबले. "छोटू बाहेरचं जग बघून आलाय."

संपलं. पंचेचाळीस वर्षांच्या छोटूच्या वाट्याला एक वाक्य आलं. तो मान खाली घालून पायाखालच्या पट्टीचं सुटलेलं टोक बुटाने दाबत बसला. ताईने आईवेगळ्या या भावाला शाळेत सोडलं होतं, त्याची दप्तरं शिवली होती. तरीही त्या क्षणी तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं? चांगलंच बरं वाटलं. आदल्या संध्याकाळीच अण्णा तिला म्हणाले होते, "तू निश्चिंत राहा. माझ्यानंतर तूच." तरी तिला हे चारचौघांत ऐकायचं होतं. विशेषतः छोटूसमोर. आणि त्याहून विशेष, छोटूच्या बायकोसमोर.

चव्वेचाळीस वर्षांनी अण्णा प्रमुखपद सोडत होते. त्यासाठी दोन नावं होती, ताई आणि छोटू. पण खरी गोष्ट नुसत्या खुर्चीची नव्हती. खरी गोष्ट खाली ऑफिसात चहा पीत बसली होती.

तो निर्माता. व्यावसायिक नाटकांतला मोठा माणूस, राजधानीत त्याची तीन थिएटरं. छोटू अकरा वर्षं त्याच्याच कचेरीत होता. ताईच्या नाटकाच्या नेपथ्याला आणि दिव्यांना गेल्या वर्षी यानेच पैसे घातले. संस्था ना-नफा तत्त्वावरची. देणगीदारांच्या जिवावर आणि निम्म्या मानधनावर राबणाऱ्या नटांच्या घामावर इथे नाटक उभं करायचं. पडलं तर नाक संस्थेचं कापलं जाणार, चाललं तर हा ते उचलून राजधानीत नेणार. याला तो 'सहकार्य' म्हणायचा. दुसऱ्याच्या चुलीवर आपलं पातेलं ठेवणाऱ्याला साध्या माणसांच्या भाषेत वेगळा शब्द आहे, पण त्या माणसाचं पातेलं चकचकीत असलं की तो शब्द कुणी उच्चारत नाही.

आज त्याच्याशी व्हायच्या करारात एक कलम होतं: राजधानीतल्या प्रयोगांचं दिग्दर्शन संस्थेचा प्रमुख करील. ताईचं नाव घालता आलं नाही, कारण संस्थेच्या जाहिरातीवर दिग्दर्शकाचं नाव कधी छापलंच जात नसे. अण्णांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. नाटक संस्थेचं, एका माणसाचं नाही. ऐकायला छान. पण संस्था म्हणजे अण्णा, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, त्यामुळे नाव न छापताही त्यांचंच छापल्यासारखं होई. ताईच्या या नाटकाने तेवढं बिघडवलं. लोक तिकिटाच्या खिडकीवर यायचे आणि म्हणायचे, "ताईंच्या नाटकाची दोन द्या."

म्हणजे आज जो निवडून येईल त्याला खुर्ची मिळणार, आणि खुर्चीबरोबर ताईचं नाटकही.

*

तिकिटं सूनबाईने वाटली. छोटूच्या बायकोला इथे सगळे सूनबाईच म्हणत. ती विश्वस्त नव्हती, सभेचं टिपण लिहायला बसवली होती. संस्थेत मतदान तिकिटांवरच व्हायचं. पहिल्या सभेला म्हणे कुणाकडे कागद नव्हता, तिकिटांचे गठ्ठे मात्र होते. तेव्हापासून तीच रीत. गुलाबी तिकीट बाल्कनीचं, पिवळं खालचं. आज प्रत्येकाला दोन्ही दिली; गुलाबी म्हणजे ताई, पिवळं म्हणजे छोटू. प्रत्येकाने हवं ते तिकीट फाडायचं आणि खालचा अर्धा तुकडा केसांच्या टोपांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. उरलेलं सगळं खिशात.

"एकेक जण पडद्यामागे जा," सूनबाई म्हणाली.

"आणि तिथे काय, कपडे बदलायचे?" आत्या म्हणाली.

"आत्याबाई, गुप्त मतदान आहे."

"बाई गं, या घरात एक गुप्त गोष्ट दाखव, मी तुझं पाणी भरीन."

सूनबाई हसली नाही. या घरात तिला हसता येईल असं कधी कुणी बोललंच नव्हतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर एकच खेळ. अण्णा अर्धं वाक्य बोलायचे, ताई उरलेलं पुरं करायची. "त्या दुसऱ्या अंकात ती जी..." "हो, खुर्ची, काढूनच टाकली." कोणती खुर्ची, कोणता अंक? तिचा नवरा पाहुण्यासारखा शेजारी बसून पाण्याचा पेला फिरवत राही. एकदा तिने नेपथ्याच्या रंगाबद्दल मत दिलं तर ताई आत्याला म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली." हळू म्हणाली. नाटकवाल्यांचं हळू शेवटच्या रांगेत ऐकू येतं.

राजधानीतून नवऱ्याला परत तिनेच आणलं. निर्मात्याशी शब्द तिनेच लावला. डॉक्टरीणबाईंना दोनदा घरी बोलावून, दाढ दुखत नसताना दाढ दाखवून, तिनेच वळवलं. वकीलसाहेब निर्मात्याचंही काम बघायचे, त्यांना वळवावं लागलंच नाही. दोन पिवळी नक्की. आत्या आणि काका गुलाबी. पाचवं मत अण्णांचं, आणि ते कुठे जाणार हे आत्ताच्या भाषणात सगळ्यांनी ऐकलं होतं. तीन-दोन. सूनबाईने मनातल्या मनात सामान आवरायला घेतलं होतं.

वकीलसाहेबांनी डबा टेबलावर उपडा केला. आतल्या जुन्या टोपाचे दोन केस तुकड्यांना चिकटून आले.

"गुलाबी," ते म्हणाले. "पिवळं. पिवळं. गुलाबी." आणि शेवटचा तुकडा उलटा पडला होता तो नखाने सरळ केला. "पिवळं."

खालून रंगमंचावर कुणीतरी ठोकाठोक करत होतं.

"तीन-दोन," वकीलसाहेब म्हणाले. "छोटूसाहेब, अभिनंदन."

छोटूसाहेब! सूनबाईने पहिल्यांदा ताईकडे बघितलं. किती वर्षं तिने या चेहऱ्याची वाट बघितली होती! पण ताईचा चेहरा पडलेला नव्हता. ताई टेबलावर वाकून ते पाच तुकडे बघत होती. बाजारात भाजी निवडावी तशी, एकेक.

"ताई," छोटू म्हणाला, "तू माझ्याबरोबर राहशील ना? म्हणजे, मला एकट्याला..."

"चारचा प्रयोग आहे," ताई म्हणाली. "रंगायला बसले असतील. बघते."

ती गेली. पट्टीच्या दारातून, वळसा घालून. सूनबाईने तुकडे पाकिटात भरायला घेतले, आणि मोजले. दोन गुलाबी. दोन पिवळे.

*

पाचवा तुकडा ताईच्या मुठीत होता. जिन्याच्या वळणावर, जिथून वर-खाली कुणी दिसत नाही तिथे थांबून तिने मूठ उघडली.

संस्थेची तिकिटं पहिल्यापासून एकाच छापखान्यात छापली जात आणि त्यांच्या ठशात पहिल्यापासून एक चूक होती. फाडायच्या टिंबांची रेघ नेमकी आसनक्रमांकावरून जायची. टिंबांवर फाडलं की आकडा मधून तुटे. तीन की आठ, एक की सात, यावरून अंधारात मारामाऱ्या. ठसा बदलायला हवा, असं प्रत्येक सभेत ठरायचं आणि तसंच राहायचं. सुरुवातीच्या काळात अण्णा स्वतः दारावर उभे राहत. त्यांनी युक्ती काढली. टिंबांच्या बोटभर वर तिकीट एकदा मागे दुमडायचं, एकदा पुढे, अंगठ्याचं नख फिरवायचं आणि झटका द्यायचा. आकडा अख्खा खाली राहतो. नंतरच्या एकाही दारवानाला ते जमलं नाही. शिकली ती फक्त ताई, सातव्या वर्षी, अण्णांच्या कमरेशी उभी राहून. "आणि लक्षात ठेव," अण्णांनी सांगितलं होतं, "फाडलेल्या तिकिटावर सख्ख्या बापालासुद्धा आत सोडायचं नाही."

वरच्या टेबलावर चार तुकड्यांवर तुटलेले आकडे होते. या पिवळ्या तुकड्यावर एकशे अडतीस. अख्खा. वरची कड सुरीने कापल्यासारखी.

जगात असं तिकीट फाडणारी दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकीला आज मत नव्हतं.

तिला रडू आलं नाही. तिला आठवलं, काल संध्याकाळी "तूच" म्हणताना अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. तो हात आठवला तेव्हा मात्र ती मूठ मिटून रंगपटाकडे उतरली.

*

अण्णा रंगपटाच्या शेवटच्या खोलीत होते. ही खोली मुख्य नटाची. आजचा मुख्य नट अजून आला नव्हता. आरशाभोवतीचे सगळे दिवे त्यांनी लावले होते. या आरशात चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी स्वतःला राजा, भिकारी, खुनी असं सगळं बघितलं होतं. म्हातारा मात्र रंग लावूनच बघितला होता. हा बिनरंगाचा म्हातारा त्यांना आवडत नसे.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. ताईच्या नाटकाचा पन्नासावा प्रयोग. पहिल्या रांगेत कायम बसणारा एक निवृत्त मास्तर होता. संस्थेचं एकही नाटक त्याने चुकवलं नव्हतं. अण्णांचं तर एकेक तीनदा बघितलेलं. प्रयोगानंतर तो बाहेर आला, अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी. म्हणाला, "अण्णा, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मी घड्याळ बघितलं नाही."

बिचारा कौतुकच करत होता. लेकीचं कौतुक बापापाशी नाही करायचं तर कुणापाशी? अण्णा हसले, "पोरीने नाव काढलं," म्हणाले, मास्तरला दारापर्यंत सोडलं. आणि त्या दिवसापासून त्यांना तो मनगट वळवून घड्याळ बघणारा मास्तर दिसायला लागला. आपल्या राजाच्या मरणात. आपल्या खुन्याच्या कबुलीत. चव्वेचाळीस वर्षं, पहिल्या रांगेत.

दार वाजलं नाही. ताई आली आणि तिने तो पिवळा तुकडा रंगाच्या डब्यांमध्ये ठेवला.

अण्णांनी आधी तुकड्याकडे बघितलं, मग आरशातल्या ताईकडे.

"काय हे?"

"तुम्ही सांगा."

"गुप्त मतदान आहे, ताई. असं कुणाचं कुठलं ते..."

"आकडा अख्खा आहे, अण्णा."

"मग? काकांनी फाडलं असेल तसं."

"काका दातांनी फाडतात."

अण्णांचा हात नकळत तुकड्याकडे गेला, कड चाचपली आणि मागे आला. हाताने दगा दिला होता. पडद्यामागे उभं राहून इतका विचार केला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. फक्त फाडताना विचार केला नाही. फाडायला विचार लागतच नव्हता.

"काल तुम्ही म्हणालात, तूच," ताई म्हणाली. "आज सगळ्यांसमोर म्हणालात. बादल्या काय, छप्पर काय. मी नको होते तर सांगायचं. मी अर्ज केला नसता. माझं काय चुकलं तेवढं सांगा, की मी प्रयोगाला लागते. पंधरा मिनिटांत नट येईल."

"तुझं काही चुकलं नाही."

"मग छोटूचं काय बरोबर आलं?"

अण्णांनी रंगाच्या एका डब्याचं झाकण लावलं.

"त्याला पडदा कुठल्या दोरीने उघडतो ते माहीत नाही. निर्माता उद्या म्हणेल, तुमचा रंगमंच चार महिने आमच्या नाटकाच्या तालमीला द्या, तो देईल. परवा म्हणेल, तुमच्या देणगीदारांची यादी द्या, तीही देईल. हे तुम्हाला कळत नाही? तुम्हाला सगळं कळतं. कळूनही पिवळं टाकलंत. का?"

"बस."

"बसत नाही. का?"

अण्णांनी आरशाकडे पाठ केली. हे त्यांनी क्वचितच केलं असेल.

"तू माझ्याहून चांगली निघालीस," ते म्हणाले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंतचा नव्हता. या खोलीपुरताच होता. "बापाला आनंद व्हायला हवा. मी वाट बघितली. आठ महिने. रोज सकाळी उठून बघायचो, आज झाला का. नाही झाला."

शिवी दिली असती तर ताईकडे उत्तर होतं. हे ऐकायला ती आली नव्हती. तिच्या मनात, अगदी तळाशी, एक आनंदाची उकळी फुटली आणि त्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली. हेच तर हवं होतं वीस वर्षं. तू माझ्याहून चांगली. बघा कसं मिळालं.

दार उघडलं. सूनबाई पुढे, छोटू मागे.

"ताई, तो तुकडा द्या," सूनबाई म्हणाली. "मी मोजलेत. वकीलसाहेबांना पाकीट बंद करायचंय. हरलं की तुकडे पळवायचे, ही कुठली पद्धत?"

"घे," ताई म्हणाली. "तिथे आहे. तुझ्या सासऱ्यांचा आहे, त्यांना विचारून घे."

छोटूला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उजळत गेला. त्या खोलीत नको इतके दिवे होते, त्यामुळे सगळ्यांना ते नीट दिसलं.

"अण्णा? तुम्ही... मला?"

अण्णांनी तो तुकडा उचलून कोटाच्या खिशात टाकला.

"मला वाटलं डॉक्टरीणबाई, वकील आणि... मला वाटलं आत्या फिरली असेल." छोटू हसला. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने असं हसू नये. "तुम्ही मला दिलंत!"

"का दिलं तेही विचार," ताई म्हणाली.

"ताई, पुरे!" अण्णा म्हणाले.

"विचार ना. मी विचारलं, मला सांगितलं त्यांनी. तुझा तर हक्कच आहे, तू प्रमुख आहेस."

"अहो, कशाला?" सूनबाईने नवऱ्याची बाही धरली. तिला धोका आधी कळला. "दिलं ना त्यांनी? झालं तर. निर्माते खाली थांबलेत."

"का दिलंत, अण्णा?" छोटूने विचारलं.

माणूस खोटं बोलण्यात चव्वेचाळीस वर्षं घालवतो, तिकीट लावून खोटं बोलतो, आणि जिथे एका खोट्याने एक पोर वाचलं असतं तिथे नेमका खरं बोलतो. अण्णांना थकवा आला असेल. किंवा एकदा तोंड उघडल्यावर मिटवता आलं नसेल.

"तू आलास," ते म्हणाले, "की लोक म्हणतील, अण्णांच्या वेळची गोष्ट वेगळी होती. ही आली तर विचारतील, अण्णा कोण?"

छोटूचं हसू जागच्या जागी राहिलं. बाकीचा चेहरा त्याच्याखालून निघून गेला. बाजूच्या आरशांत तो आणखी दोनदा उभा होता. ते दोघेही त्याच्यासारखेच दिसत होते.

"मी सहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "मला पण शिकवा म्हणालो होतो. तिकीट फाडायला. तुम्हाला आठवत नसेल."

"छोटू..."

"तुम्ही म्हणालात, तुझे हात ओले असतात. ताईच्या हाताकडे बघ, कसे कोरडे आहेत." त्याने बायकोच्या हातातून बाही सोडवली. "चव्वेचाळीस वर्षांत मला इथलं एक काम दिलं नाहीत. आज दिलंत तर का, तर मी ते बिघडवीन म्हणून."

"मग नाही म्हण," ताई म्हणाली. ती त्याच्याजवळ गेली. किती वर्षांनी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "वर चल. वकील अजून आहेत. नाही म्हणून सांग, दोघं मिळून बघू काय ते."

छोटूने तिच्याकडे बघितलं. क्षणभर तिला वाटलं, येतोय. मग त्याने खांद्यावरून तिचा हात काढला. अलगद, कपड्यावरचा धागा काढावा तसा.

"म्हणजे तुला फार बरं," तो म्हणाला. "नाही. कशासाठी का असेना, दिलं ना त्यांनी? घेतलं मी. तुला नव्हतं द्यायचं म्हणून मला दिलं, हे तुला किती लागलंय ते मी बघतोय, ताई. जन्मात पहिल्यांदा तुला न मिळालेलं काहीतरी मला मिळालंय. मी ते सोडू?"

*

पावणेतीनला छोटूने करारावर सही केली. निर्मात्याने त्याला मिठी मारली आणि विचारलं, नाटकाची वही कुठेय? हालचाली, दिवे, संगीत, सगळं ज्यात टिपलेलं असतं ती वही. ताईनेच ती आणून टेबलावर ठेवली. कडा झिजलेल्या, कव्हराला दोरी बांधलेली.

"कोण कुठून कुठे जातं ते सगळं यात आहे," ती म्हणाली. "का जातं ते मी लिहिलेलं नाही."

निर्मात्याने तिच्याकडे बघितलं, मग छोटूकडे. व्यापारी माणूस, आपण काय घेतलं आणि काय राहिलं हे त्याला लगेच कळलं. त्याने करारावरचं आपलं पेन उचललं, सही करण्याआधी टोपण लावलं, काढलं, आणि मग केली. सूनबाईने पेढे वाटल्यासारखा चेहरा करून सगळ्यांना चहा दिला. नवऱ्याला दिला तेव्हा त्याने वर बघितलं नाही. घरी जातानाही बघणार नाही, हे तिला कपबशी ठेवतानाच समजलं. ती जिंकली होती, आणि टेबलावर आता एकही माणूस असा नव्हता की ज्याच्याशी ते बोलावं.

*

साडेतीनला दरवाजे उघडले. ताई दारवानाला म्हणाली, "तुम्ही जरा बसा. आज मी उभी राहते."

"ताई, गर्दी आहे."

"म्हणूनच."

रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मागे एकदा, पुढे एकदा, नख, झटका. आकडा अख्खा. मागे, पुढे, नख, झटका. आत्या आली, तिकीट काढून; या घरात ती एकटीच कायम तिकीट काढून नाटक बघायची. "रंगपटात काय झालं ते कळलं," ती म्हणाली. "जेवलीस का?" ताईने मान हलवली. आत्या आत गेली. तो मास्तरही आला, पहिल्या रांगेचं तिकीट पुढे केलं, आणि ताईने बघितलं, त्याच्या मनगटावर आज घड्याळच नव्हतं.

मग अण्णा आले. रांगेतून नाही. ते कधीच रांगेतून येत नसत. बाजूने चालत यायचे, लोक सरकायचे, दारवान वाकायचा. आजही लोक सरकले. ताईचा हात मात्र दाराला आडवा राहिला.

"तिकीट?"

अण्णा हसले. जवळपासचेही हसले. बापलेकीची गंमत चाललीय, बघण्यासारखी. दोघंही नाटकवाले.

"अगं, काय हे," अण्णा म्हणाले. हात तसाच होता. हसू थोडं कमी करून त्यांनी खिसे चाचपले, आणि कोटाच्या खिशातून तो पिवळा तुकडा काढला. सूनबाईने तो घेतलाच नव्हता. एकशे अडतीस. "हे घे. झालं समाधान?"

"हे फाडलेलं आहे."

"मीच फाडलंय ते."

"हो," ताई म्हणाली. "फाडलेल्या तिकिटावर कुणाला आत सोडायचं नाही, अण्णा. कुणाला म्हणजे कुणाला. तुम्हीच शिकवलंत."

आता कुणी हसत नव्हतं. मागून एकाने विचारलं, काय झालं, रांग का थांबली? अण्णा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे राग असता तर त्यांनी आवाज चढवला असता, रडू असतं तर मिठीत घेतलं असतं. दोन्हींची त्यांना उत्तम सवय होती. ते वळले आणि तिकिटाच्या खिडकीकडे चालू लागले. पाठ ताठच होती.

"अण्णा, तुम्ही?" खिडकीतल्या बाईंचा आवाज दारापर्यंत आला. "अहो, हाऊसफुल्ल आहे. बाल्कनीसुद्धा नाही. ताईंच्या नाटकाला आदल्या दिवशीच यावं लागतं."

ताईने ऐकलं. अण्णांनी ऐकलं हेही तिने ऐकलं. तिचा हात आडवा होता, तो तिने खाली घेतला. समोर एक जोडपं तिकिटं धरून उभं होतं. तिने तिकीट मागे दुमडलं, पुढे दुमडलं, टिंबांच्या बोटभर वर नख फिरवलं.

"पुढे या," ती म्हणाली.